तोंडाला फेस

ब्रश गालावर फिरवता फिरवता मनगट दुखायला लागलं, तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. आरशात पाहिलं, तर जिथे पांढराशुभ्र, घट्ट फेस असायला हवा होता, तिथे तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी ओघळत होतं. ते हनुवटीवरून गळ्यावर आलं आणि गळ्यावरून बनियनमध्ये शिरलं. मी ब्रश पुन्हा साबणावर घासला, पुन्हा गालावर गोल गोल फिरवला. धुवण वाढलं. फेस काही येईना.

"रतन, माझ्या साबणाला कुणी हात लावलाय का?" मी मागच्या पडवीतून ओरडलो.

"मी काय दाढी करते का तुमच्या साबणानं?" बायकोचं उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

शेवटी त्या धुवणावरच वस्तरा चालवला. तीन ठिकाणी कापलं. तिथे वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून मी चहाला बसलो, तर रतन माझ्याकडे बघून म्हणाली, "आजची काय बातमी आहे ते गालावर वाचता येतंय."

दाढी ही माझ्या दृष्टीनं थट्टेची गोष्ट नाही. श्रीवर्धनच्या हायस्कुलात सारी नोकरी मी विज्ञान शिकवण्यात घालवली आणि एकही दिवस दाढीचे खुंट घेऊन वर्गात गेलो नाही. निवृत्तीनंतरही तो नेम सोडला नाही. आमची वाडी गावाबाहेर आहे, मला बघायला सुपारीच्या झाडांखेरीज कुणी नसतं. तरीही रोज साडेसातला मी ब्रश ओला करतोच. डब्यातला फेस आणि नळीतली जेल या वस्तू आळशी माणसांसाठी आहेत, असं माझं मत आहे. ते मी न विचारताही सांगतो.

त्याच संध्याकाळी बेलापूरहून कल्पिताचा, म्हणजे आमच्या मुलीचा, फोन आला.

"बाबा, शनिवारी प्रज्योत आणि त्याचे आईबाबा येताहेत. रात्री आपल्याकडे राहतील, रविवारी हरिहरेश्वर करून परत जातील. प्लीज, नीट वागा."

हे 'नीट वागा' कशासाठी, ते सांगायला हवं. प्रज्योत तिनं लग्नासाठी स्वतः पसंत केलेला, त्याचा फोटो तिनं पूर्वी पाठवला होता. उरणच्या बंदरात चांगल्या नोकरीला असलेला मुलगा. पण दाढी अशी, की नाकाखाली सगळं जंगल. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की मुलगा चांगलाच असेल, पण चेहरा दिसल्याशिवाय कसं सांगू? त्यावर पोरगी आठवडाभर बोलली नव्हती.

"आणि त्याच्या बाबांची दाढी नाहीये," ती आता मुद्दाम म्हणाली. "मांडव्याच्या लाँचवर सारंग होते ते, लाँच चालवायचे. रोज घोटून दाढी करतात. तुमच्यासारखीच, ब्रशनं."

म्हणजे आता प्रश्न इज्जतीचा झाला. ज्यानं मुलाच्या दाढीवर आक्षेप घेतला, तो बाप पाहुण्यांसमोर गालाला वर्तमानपत्र लावून बसणार होता!

दुसऱ्या दिवशी मी नवा साबण आणला. फेस नाही. साबण बदलला. तरी नाही. रतन मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "कपड्यांनाही हल्ली फेस येत नाही. आणि डाळ तर तास तास शिजत नाही."

"डाळ बघून घेत जा," मी म्हणालो. "आणि दाढीचा विषय चाललाय तिथे डाळ कशाला आणतेस? एका वेळी एकच समस्या हाताळावी. याला शास्त्रीय पद्धत म्हणतात."

ती आत गेली. आतून कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक, मग आणखी एक.

साबण निर्दोष ठरल्यावर राहिला ब्रश. मी तो घेऊन कुंपणापाशी गेलो. कुंपणापलीकडे मुश्ताकभाई. बरीच वर्षं कुवेतला काढून आले, आता सुपारीचा व्यापार करतात आणि दोन खोल्या पर्यटकांना देतात. पूर्वी आमच्याकडे पाणी यायचं ते त्यांच्याच विहिरीचं, पाइप टाकून. पण त्यांच्याकडे पर्यटक वाढले, तसं सारखं पाणी मागायला मला ओशाळं वाटू लागलं आणि गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःची बोअर मारून घेतली. आता नळ सोडला की भसाभस पाणी. प्यायच्या पाण्याला फिल्टर बसवला आणि मुश्ताकभाईंना मुद्दाम बोलावून नळ सोडून दाखवला. ते "माशाल्ला" म्हणाले होते, पण जरा तोंडदेखलंच.

हा ब्रशही त्यांनीच कुवेतहून आणून दिलेला. त्यांनी तो हातात घेतला, फुंकर मारली, केस विस्कटून पाहिले.

"मास्तर, याची उमर झाली. माणसाचे केस झडतात, मग ब्रशाचे केस काय अमृत पिऊन आलेत?"

"झडले कुठे? केस आहेत तसे आहेत. फेस झडलाय."

आतून त्यांच्या बेगमचा, झुबेदाभाभींचा आवाज आला, "भावजींना सांगा, शिरक्यात बुडवा म्हणावं. मळ धरला असेल."

शिरका म्हणजे व्हिनेगर. मी ब्रश शिरक्यात बुडवला. सकाळी धुऊन गालावर फिरवला, तेव्हा फेस जेमतेम चार बुडबुड्यांचा आला, पण दिवसभर माझ्या तोंडाला मुरवलेल्या कांद्याचा वास येत राहिला. मग मुश्ताकभाई म्हणाले, केस कडक झालेत, त्यांना कंडिशनर लावा. कल्पिताची एक बाटली न्हाणीघरात होती. लावला. ब्रश असा रेशमी झाला, की त्याला गजरा माळायचंच काय ते बाकी राहिलं. पण पूर्वी धुवण तरी यायचं, आता तेही बंद झालं. मनगटाला मात्र मी हळद लावायला लागलो.

शेवटी मानहानी गिळून श्रीवर्धनच्या बाजारात निकेतच्या सलूनमध्ये गेलो. निकेत माझाच विद्यार्थी. विज्ञानात त्याला कधी पस्तीसच्या वर गेलेला पाहिला नाही, पण आता भिंतभर आरसे, फिरत्या खुर्च्या आणि दारावर 'मेन्स स्टुडिओ'. त्याला वाटलं, मी दाढी करून घ्यायला आलोय. त्यानं घाईनं माझ्या गळ्यात कापड बांधलं.

"दाढी नको रे. सल्ला हवाय." मी पिशवीतून ब्रश काढला.

खुर्च्यांतली दोन तरुण डोकी वळून बघू लागली. निकेतनं ब्रश दिव्याखाली धरला. "सर, केस कसले आहेत हे?"

"म्हणजे?"

"बघा ना. टोकाला पांढरा, मधे काळा पट्टा, बुडाला परत पांढरट. मुंगसाचे असेच असतात. मुंगसाच्या केसाचे ब्रश बंद केलेत सर सरकारनं. गुन्हा आहे." त्यानं लगेच मोबाइलवर शोधून दाखवलं. पकडलेल्या ब्रशांचा ढीग आणि त्यामागे उभे असलेले गंभीर चेहऱ्याचे अधिकारी.

"अरे, ते चित्रकलेचे ब्रश आहेत," मी म्हणालो.

"चित्रकलेचा चालत नाही, तर दाढीचा चालेल का सर?"

तर्क नाकारता येण्यासारखा नव्हता. एखादा दुसरा असता, तर ब्रश पिशवीत टाकून गुपचूप घरी आला असता. पण मी शाळेत पर्यावरणही शिकवायचो. सलूनमधून निघालो तो सरळ वनखात्याच्या कार्यालयात गेलो. रतन आजही विचारते, की तुम्हाला कुणी बोलावलं होतं का? नव्हतं.

तिथे वनपाल म्हणून अमिषा बसली होती. तीही माझीच विद्यार्थिनी, पण ही हुशारांपैकी. मला बघून उठली, खुर्ची दिली, चहा मागवला. माझा ऊर भरून आला. मी ब्रश टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बाळ, एवढं सांग, हे केस मुंगसाचे आहेत का?"

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. "सर, हा तुमचा आहे?"

"हो."

"कुठून आणलात?"

"आमचे शेजारी मुश्ताकभाई. त्यांनी कुवेतहून आणून दिला."

"म्हणजे परदेशातून आलाय." तिनं पेन उचललं.

"अगं, मी फक्त विचारायला आलोय."

"सर, नुसतं बघून मी कसं सांगू? तपासणीला पाठवावा लागेल. नसतील मुंगसाचे, तर परत मिळेल. पण शंका आहे असं तुम्ही स्वतःच म्हणताय, मग मी तो तुम्हाला तसाच परत कसा देऊ?" तिचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. "तुम्हीच शिकवलंत ना सर, मोठा असो, लहान असो, नियम सगळ्यांना सारखा."

मी हे नेमकं कधी शिकवलं ते आठवेना, पण नाही म्हणायची सोय नव्हती. पंचनामा करायचा ठरला. पंच हवेत, म्हणून मुश्ताकभाईंना फोन केला. ते बिचारे स्कूटरवरून धावत आले आणि आपण साक्षीदार आहोत की आरोपी, हे कळेपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बेटी, मी एअरपोर्टावर घेतलाय हा. दुकानातून. पावतीसकट!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "मास्तर, पुढच्या वेळी तुम्हाला खजूरच आणीन."

माझा ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत गेला. पिशवीला लाख लागली. वर चिठ्ठी डकवली: 'संशयित केस, मूठ लाकडी, कंडिशनरचा वास येतो.' निघताना अमिषा मला नमस्कार करायला वाकली. मी आशीर्वाद दिला, पण तो पूर्ण मनापासून नव्हता.

शनिवार उजाडला आणि माझ्याजवळ ब्रश नव्हता. गालावर पांढरे खुंट आले होते. कल्पिता सकाळच्या बसनं आली, माझ्याकडे पाहून दारातच थांबली. "बाबा, तुम्ही? तुम्ही दाढी वाढवताय?"

"वाढवत नाहीये. वाढतेय."

"मग डब्यातला फेस आणा ना! दाबला की आला. एवढं काय त्यात?"

बाप म्हणून माझ्यापुढे दोन रस्ते होते: तत्त्व सांभाळायचं, नाहीतर मुलीचं लग्न. मी पिशवी घेऊन निघालो. बाजारापर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून समुद्राकडच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी जे दुकान आहे, तिथे गेलो. घाईत चष्मा घरीच राहिला होता.

"तोंडाला लावायचा फेस आहे का? डब्यातला?" मी विचारलं.

दुकानदारानं एक उंच डबा समोर ठेवला. "हा घ्या काका. सगळे हाच लावतात तोंडाला."

डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला एकच शब्द मला वाचता आला: स्नो. माझी खात्री पटली. आमच्या तरुणपणी स्नो म्हणजे तोंडाला लावायची क्रीमच असे. लग्नात मी स्वतः लावली होती.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो आणि डबा दाबला. फस्सकन असा फेस आला, की एका क्षणात दोन्ही गाल, मिशी, भुवया, आरसा आणि पडवीतली तुळस पांढरी झाली. इतक्या दिवसांनी तो फेस पाहून मला गहिवरून आलं. वस्तरा घेऊन उजवा गाल अर्धा उतरवला असेल-नसेल, तेवढ्यात फेस विरायला लागला. विरला, वाळला, आणि मग गालाला आग लागली. मिरच्या वाटून थापाव्यात तशी आग! मी नळाखाली डोकं घातलं. कल्पिता धावत आली, तिनं डबा उचलून वाचला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हा वाढदिवसाला उडवायचा स्प्रे आहे! केक कापताना उडवतात तो!"

त्याच क्षणी फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

भागोजींचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. उंच, सावळा, भरदार माणूस आणि गाल असे तुळतुळीत, की सुपारीच्या झाडांची सावली त्यात दिसावी. शेजारी त्यांची बायको गोदूबाई, मागे प्रज्योत. त्याची दाढी नीट कोरलेली होती. माझ्यापेक्षा कितीतरी व्यवस्थित. आणि मी पाहुण्यांच्या स्वागताला उभा होतो तो असा: डाव्या गालावर पांढरे खुंट, उजव्या गालाचा अर्धा भाग साफ आणि सगळा चेहरा उकडलेल्या कोलंबीसारखा लाल.

"काय वो मास्तर, तोंडाला काय जालं?" भागोजींनी नमस्काराआधीच विचारलं.

कल्पिता माझ्याकडे बघत होती. खरं सांगायची वेळ तीच होती. पण सबंध नोकरीत ज्यानं रसायनं हाताळताना लेबल वाचावं असं शिकवलं, त्यानं वाढदिवसाचा फवारा तोंडावर मारून घेतला, हे नव्या पाहुण्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"खाजकुयली," मी म्हणालो. "बागेत लागली."

"एवढी?" भागोजी एक पाऊल मागे सरकले.

जेवणाला रतननं मन लावून स्वयंपाक केला होता. सुरमई झाली, सोलकढी झाली, आणि मग वरणभात. गोदूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या बराच वेळ चावत राहिल्या. वरण चावायचा पदार्थ नाही. रतननं मान खाली घातली. गोदूबाई भल्या होत्या, म्हणाल्या, "आमच्याकडं पन असंच खातो, जरा टनक."

पण त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्यावरून हटत नव्हतं. हात धुताना त्यांनी रतनला बाजूला घेतलं. मी दाराआडून ऐकलं.

"रतनताई, राग मानू नका हां. पन खाजकुयली अशी दिसत न्हाय. तुमच्याकडं ह्यो कातडीचा रोग कुनाला हाय का? पोरीच्या अंगावर तं काय न्हाय ना?"

रतन काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण स्वयंपाकघरात कल्पितानं मला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सांगा त्यांना खरं काय ते. बाबा, तुमच्या एका डब्यासाठी माझं लग्न मोडेल."

"उद्यापर्यंत लाली उतरेल," मी म्हणालो. "उतरली की विषय संपला."

लाली उतरली नाही. सकाळी उठून पाहिलं, तर वर बारीक पुरळही उठलं होतं. आता काय करावं, या विचारात मी अंथरुणावर बसून होतो, एवढ्यात मागच्या पडवीतून आरोळी आली.

"मास्तर! ओ मास्तर! हे काय हाय?"

मी धावलो. भागोजी आरशासमोर उभे होते. गळ्यात टॉवेल, हातात ब्रश. त्यांचा स्वतःचा ब्रश, मांडव्याहून आणलेला. आणि त्यांच्या त्या तुळतुळीत गालांवरून तांदळाचं धुवण ओघळत होतं.

"रोज असा फेस येतो," त्यांनी हातानं उंची दाखवली. "आज न्हाय. साबन माजा, ब्रश माजा. तुमच्या घरात पाय ठेवला आनि काय जालं?" मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपल्या गालावरून हात फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांत खरी भीती दिसली. "तुमाला पन पयलं असंच जालं काय? आनि मग ते लाल?"

हे विधान एका अर्थानं अगदी बरोबर होतं. आधी फेस गेला होता, मग तोंड लाल झालं होतं. मी गप्प राहिलो आणि तेच चुकलं.

"गोदू!" भागोजी ओरडले. "पिशवी भर. हितं काय तरी साथ हाय."

गोदूबाई तयारच असाव्यात. त्या पिशवी घेऊनच बाहेर आल्या. रतन त्यांच्यामागून, कल्पिता तिच्यामागून. कल्पितानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. रडत नव्हती. तिनं आशाच सोडली होती.

तेव्हा आल्यापासून 'हो' आणि 'नाही' याखेरीज काही न बोललेला प्रज्योत खाकरला.

"बाबा, एक मिनिट थांबा. सर, तुमच्याकडे पाणी कुठलं आहे?"

"आमची स्वतःची बोअर आहे," मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा माझा आवाज जरा चढलाच.

"नाही म्हणजे..." तो दाढी खाजवत राहिला. "राग मानू नका सर. आम्हाला आठवीत एक प्रश्न असायचा. कठीण पाण्यात साबणाचा फेस होत नाही. शास्त्रीय कारण लिहा."

नळ गळत होता, त्याचा टप टप आवाज ऐकू येत होता.

हा प्रश्न असायचा, हे मला प्रज्योतनं सांगायची गरज नव्हती. तो प्रश्न मीच काढायचो. दरवर्षी, न चुकता, दोन गुणांना. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही नावं ज्यांनी लिहिली नाहीत, त्यांचा एक गुण कापायचो. निकेतचा तर दरवेळी कापला होता.

भागोजींनी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि पचकन थुंकलं. "मचूळ हाय! खारं पानी शिरलंय तुमच्या बोरीत."

प्यायला फिल्टर होता, त्यामुळे आमच्या जिभेला पत्ताच नव्हता. रतन हळूहळू माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे कपड्यांचा साबण?"

"तेच कारण."

"आणि डाळ?"

"डाळही," मी म्हणालो. "कठीण पाण्यात डाळ नीट शिजत नाही. तो पुढचा प्रश्न असायचा."

"आणि माझ्या केसांचा हा झाडू झालाय तो?"

मी बागेकडे पाहिलं. सुपारीची झाडं त्या दिवशी फार उंच वाटत होती.

"आमच्या मुश्ताकभाईंची विहीर गोडी आहे," रतन पाहुण्यांकडे वळून म्हणाली. "चला. मी दाखवते."

अशी आमची वरात निघाली. पुढे रतन, तिच्यामागे गालावर धुवण वाळलेले भागोजी, मग मी, मग पिशवी अजून हातात धरलेल्या गोदूबाई, शेवटी कल्पिता आणि प्रज्योत. मुश्ताकभाईंच्या ओट्यावर मुंबईचे दोन पर्यटक चहा पीत होते. त्यांनी आमचं स्वागत मोबाइल उचलून केलं.

मुश्ताकभाईंनी कळशीभर पाणी शेंदून दिलं. भागोजींनी तोंड धुतलं, ब्रश पिळून पुन्हा भिजवला, साबणावर चार वेढे दिले आणि गालावर टेकवला. आला! दह्याच्या कवडीसारखा, जाड, पांढरा फेस आला आणि त्यांच्या कानापर्यंत चढला. गोदूबाईंनीसुद्धा निःश्वास टाकला.

"मास्तर," मुश्ताकभाई हळहळून म्हणाले, "आणि तुमचा ब्रश बिचारा बेकसूर आत बसलाय."

गोदूबाई अजून हलायला तयार नव्हत्या. "फेसाचं कललं. पन मास्तरांचं तोंड? ते पान्यानं जालं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कल्पिता खाली जमिनीकडे पाहत होती. विहिरीच्या काठाला धरून मी बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. शिरका सांगितला, कंडिशनर सांगितला, मुंगूस सांगितलं, लाख लावलेली पिशवी सांगितली. चष्मा घरी राहिला ते सांगितलं. आणि मग डबा सांगितला.

"वाढदिवसाचा?" गोदूबाईंनी विचारलं. "पोरं एकमेकाच्या तोंडावर मारतात, त्यो?"

"तोच."

"आनि तुमी आपल्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं," मी म्हणालो. "आरशात बघून."

गोदूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या हसायला लागल्या, ते पदर तोंडात कोंबूनही थांबेना. शेवटी विहिरीच्या पायरीवर बसल्या. झुबेदाभाभी आतून धावत आल्या आणि काय झालं ते न कळताच हसू लागल्या. प्रज्योतनं शिष्टाचार म्हणून पाठ फिरवली, पण त्याचे खांदे हलत होते. रतन हसली नाही. ती पदरानं डोळे पुसत राहिली, आणि मग माझ्या लक्षात आलं, की तीच सगळ्यांत जास्त हसत होती.

मी मान खाली घालून परत निघालो, तर भागोजींनी दंडाला धरून थांबवलं. त्यांची दाढी होत आली होती.

"अशे अर्धे जाता कुठं? बसा हितं." त्यांनी मला पायरीवर बसवलं, आपला ब्रश पुन्हा भिजवला, साबणावर फिरवला आणि माझ्या डाव्या गालाला लावला. थंडगार, गोड्या पाण्याचा, दाट फेस. आग होत होती ती जागाच शांत झाली. आपला ब्रश दुसऱ्याच्या गालाला कुणी लावत नाही. मी तर भावाच्याही लावला नसता. भागोजी लाँचचं सुकाणू धरावं तसं माझं डोकं एका हातात धरून सावकाश ब्रश फिरवत होते. मग त्यांनी वस्तरा उचलला.

"आता हलू नका, व्याही."

गोदूबाईंनी हसणं थांबवून नवऱ्याकडे पाहिलं, मग डोळे पुसत पिशवी उचलून झुबेदाभाभींच्या ओट्यावर नेऊन ठेवली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला कल्पिता दिसत होती. तिनं दोन्ही हातांनी प्रज्योतची बाही धरली होती, आणि त्याच्या त्या घनदाट दाढीतून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मला त्याचा चेहरा नीट दिसला.

"चालंल ना, व्याही म्हनलेलं?" भागोजींनी विचारलं. मला काही बोलायचं होतं. पण तोंडभर फेस होता आणि गळ्याशी वस्तरा.

"त्यांना काय विचारताय?" रतन म्हणाली. "हो म्हणालेत ते. तुम्ही दुसरा गाल घ्या."